वीस वॉटचा मेमो

लखनौतल्या माझ्या घरमालकांना तोंडी सांगितलेलं काहीही पोचत नसे. कान चांगले तिखट होते, पण जिन्यात गाठून "काका, वरचा नळ गळतोय" म्हटलं तर नुसती मान हलवून निघून जात. तेच एका चिठ्ठीवर तारीख आणि वेळ घालून हातात दिलं की दहाव्या मिनिटाला पाना घेऊन दारात हजर. नळ थांबला की चिठ्ठीच्या पाठीवर "काम पूर्ण, ५.४०" असं लिहीत आणि खाली माझी सही घेत. पहिल्या महिन्यात मला वाटलं, म्हातारा आपली फिरकी घेतोय. दुसऱ्या महिन्यात मी मुकाट्याने चिठ्ठ्यांचं एक पॅड विकत आणलं.

मी मूळची सांगलीची. बँकेने बदली करून आलमबागच्या शाखेत टाकलं, आणि घर शोधताना कुणीतरी सांगितलं की वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत एक मराठी जोडपं वरचा मजला भाड्याने देतं. मराठी म्हटल्यावर मी खोल्या न बघताच हो म्हटलं. काका भुसावळचे. रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यात लागले, पहिलंच पोस्टिंग उत्तरेकडे मिळालं आणि निवृत्त होईपर्यंत इकडेच राहिले. त्यांचं वाक्य भुसावळहून सुटायचं आणि मध्येच कुठेतरी लखनौला पोचायचं. "अगं, वो जो खालचा मीटर आहे ना, त्याला हात मत लावू, समजली ना?" हे असं. काकूंचं मराठी शाबूत होतं, फक्त वाक्याच्या शेवटी "अच्छा" येई, मग वाक्य कुठलंही असो.

घरातल्या प्रत्येक बटणावर लाल रंगात आकडा होता आणि त्यांची यादी जिन्याखाली खिळ्याला टांगलेली असे. दर महिन्याच्या एक तारखेला दारावरच्या घंटेची चाचणी होई. काका घड्याळ घेऊन बाहेर, काकू आत, मध्ये बंद दार. काकांनी बटण दाबायचं आणि काकूंनी "वाजली" म्हणायचं. एकदा काकू फोडणीच्या घाईत होत्या, बोलल्या नाहीत. काकांनी वहीत "घंटा नादुरुस्त" अशी नोंद केली आणि खरोखर घंटा खोलून बसले. काकू आतून म्हणाल्या, "घंटा ठीक आहे, मीच बिघडलेय, अच्छा."

पुढे माझी लखनौहून बदली झाली तेव्हा सामानाचा ट्रक दारात उभा असताना त्यांनी मला एक ते सव्वीस बटणं एकेक करून दाखवायला लावली आणि प्रत्येकासमोर माझी सही घेतली. ट्रकवाला वैतागून हॉर्न वाजवत होता. काका त्याच्याकडे जाऊन शांतपणे म्हणाले की चार्ज दिल्याशिवाय माणूस जात नसतो. तो ट्रकवाला बिचारा खाली उतरून काकूंच्या हातचा चहा पीत बसला.

त्यांचं एक आवडतं तत्त्व होतं. बिघडायचं तर लालवर बिघडावं. सिग्नलची सगळी यंत्रणा म्हणे अशी बांधलेली असते की तार तुटो, वीज जावो, काहीही होवो, दिवा लाल व्हायला हवा. गाडी थांबेल, लोक वैतागतील, पण मरणार कुणी नाही. माणसानेही तसंच वागावं, राग आला की गप्प व्हावं, असं ते मला समजावत. काकू म्हणायच्या, "म्हणूनच हे आठ-आठ दिवस लालवर असतात."

शेजारच्या घराच्या बाबतीत तर लाल दिवा कधी उतरलाच नव्हता. शेजारी राहत होते एक निवृत्त स्टेशन मास्तर, इथलेच, अवधकडचे. सगळी गल्ली त्यांना मास्टरसाहब म्हणे. ते आणि काका नोकरीत असताना एका लहानशा स्टेशनवर बरोबर होते. तिथे काहीतरी बिनसलं, बोलणं तुटलं, दोघांच्या बदल्या झाल्या, आयुष्य गेलं. आणि मग हाउसिंग बोर्डाच्या लॉटरीत दोघांची एकमेकांना लागून घरं निघाली. मध्ये एका विटेची भिंत. दोघांच्या बायका मागच्या अंगणातल्या भिंतीवरून कढी, लोणचं आणि ठेचा यांची देवघेव राजरोस करायच्या, पण पुढच्या फाटकात हे दोघं समोरासमोर आले की एक जण आभाळाकडे बघे आणि दुसरा चपलेकडे.

भांडण कशावरून, हे काकांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. सिग्नलवाल्याने काहीही उघडण्याआधी स्टेशन मास्तरला एक कागद द्यायचा असतो. इतके वाजल्यापासून इतके वाजेपर्यंत अमुक यंत्र बंद राहील, असा. त्याला म्हणायचं डिस्कनेक्शन मेमो. मास्तरने वेळ घालून सही केली की मगच पाना लावायचा. काम संपलं की दुसरा कागद, रिकनेक्शनचा. "मी मेमो दिला, त्याने सही केली नाही, इन्क्वायरीत मला ताकीद मिळाली," असं काका सांगत. गल्लीत हे सगळ्यांना पाठ होतं. मला तर तीन वेळा ऐकावं लागलं.

आता माझ्याबद्दल. मी गिटार वाजवते, आणि हळुवार वगैरे अजिबात नाही. पुण्याला कॉलेजात असताना आमचा पाच जणांचा बँड होता, त्यात मी एकटी मुलगी आणि सगळ्यात जास्त आवाज माझाच. लखनौत आल्यावर दोन वर्षं मी कॉम्प्युटरला जोडून हेडफोनमध्ये वाजवत होते. ते म्हणजे भिंतीवरच्या चित्रातला आंबा चाटण्यासारखं. शेवटी प्रमोशनची परीक्षा पास झाले तेव्हा मी स्वतःला एक बक्षीस द्यायचं ठरवलं आणि एक नवाकोरा हाय-गेन ट्यूब अँप, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, मागवला. हाय-गेन म्हणजे गिटारचा बारीकसा सिग्नल एकामागून एक काचेच्या ट्यूबांमधून इतका फुगवायचा की तो मावेनासा होऊन फाटतो. ती फाटलेली गुरगुर म्हणजेच आमचं संगीत.

खोकं आलं तेव्हा मी बँकेत होते. घरी आले तर काका जिन्यात खोक्याशेजारी पाट टाकून बसलेले, चष्मा कपाळावर, बाहेरचं लेबल वाचत.

"ह्यात व्हॉल्व्ह आहेत?" त्यांनी विचारलं.

"हो काका, ट्यूब आहेत."

"ट्यूब सायकलला असते. ह्याला व्हॉल्व्ह म्हणतात."

मग ते स्वतःहून वर आले. एरवी भाडेकरूच्या खोलीत ते चिठ्ठीशिवाय पाऊल टाकत नसत. अँपची मागची जाळी त्यांनीच उघडली, धुतलेला रुमाल हाताला गुंडाळला आणि एक लहान व्हॉल्व्ह अलगद उपसून उजेडात धरला. त्यांची पहिली नोकरी अशाच व्हॉल्व्हच्या खोलीत होती. टेलिफोनचा आवाज लांबवर पोचवायला तिथे रॅकच्या रॅक भरलेले असत आणि थंडीच्या दिवसांत सगळे त्यांच्यावर हात शेकत. नंतर ते सगळं भंगारात गेलं. "नवे आहेत हे," ते म्हणाले. "अजून बनतात?" त्यांचा चेहरा असा मऊ झालेला मी पहिल्यांदाच बघत होते, आणि खरं सांगते, त्या क्षणापासून मला हा माणूस मनापासून आवडायला लागला.

हाय-गेन म्हणजे काय हे समजावलं तेव्हा मात्र त्यांना धक्का बसला. त्यांनी चष्मा काढला. "आयुष्यभर आम्ही लायनीतलं डिस्टॉर्शन, फाटका आवाज, काढत बसलो. आणि तू ते विकत आणलंस?" त्यानंतर कित्येक दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगत होते, शेवटी शेवटी तर काहीशा अभिमानाने.

मला वाटलं होतं, संध्याकाळी प्लग लावावा आणि वाजवावं. काका म्हणाले, नवीन यंत्र असं चालू होत नसतं, ते कमिशन होतं, म्हणजे तपासून रीतसर कामावर रुजू होतं. त्यांनी माहितीपुस्तिका खाली नेली आणि पेन्सिलीने खुणा करत चार दिवस वाचली. स्पीकरची वायर जोडल्याशिवाय चालू करायचं नाही, हे त्यांनी लाल शाईने लिहून अँपवर चिकटवलं. मग घराचं अर्थिंग तपासलं आणि ते नापास केलं. हे काम मात्र बघण्यासारखं झालं. अंगणात पेरूच्या झाडाजवळ कमरेइतका खड्डा खणून घेतला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, कोळसा आणि खडे मीठ यांचे थर दिले, वरून बादलीभर पाणी. काकूंनी विचारलं, लोणचं घालताय का. वर माझ्या खोलीपर्यंत हिरवी वायर आली तेव्हा त्यांनी मोजमाप करून आकडा वहीत लिहिला आणि खाली माझी सही घेतली. आकडा कशाचा होता हे मला आजही माहीत नाही.

आता राहिला मेमो. गल्लीत आमचं धरून तेरा घरं. बारा घरांना काकांनी स्वतः कागद लिहिले, मूळ प्रत आणि खाली कार्बन. मजकूर हिंदीत होता, की अमुक दिवशी अकरा ते अकरा चाळीस ध्वनियंत्राचे परीक्षण होईल आणि "उक्त अवधि में गली की शांति विच्छेदित रहेगी." मी शरमेने अर्धमेली झाले. पण लोक मजेचे असतात. ज्याला कागद गेला त्या प्रत्येकाने सही केली. अँप वीस वॉटचा आहे हे कागदावर लिहिलेलं होतं, त्यामुळे सगळेच निर्धास्त होते. कोपऱ्यावरच्या पांडेजींनी तर विचारलं, "बीस वाट? इतने में तो हमारे मंदिर का बल्ब जलता है." व्हॉल्व्हच्या वीस वॉटने घरातली भांडी चालायला लागतात, हे मी कुणालाही सांगितलं नाही. काकांना माहीत होतं, पण कुणी विचारलं नव्हतं.

अकरा सह्या झाल्या. बारावा कागद शेजारचा, तो काकांच्या खिशात राहिला. ठरलेला रविवार आला आणि गेला. काका म्हणाले, हवा दमट फार आहे. पुढच्या रविवारी व्होल्टेज वरखाली होत होतं. तिसऱ्या रविवारी त्यांना काही कारण सुचलं नाही, तेव्हा ते सकाळीच भाजी आणायला गेले आणि दुपारी परतले. मी म्हटलं, द्या, मी नेऊन देते. तर म्हणाले, "मेमो देणाराने स्वतः जायचं असतं." मी म्हटलं, मग एका सहीवाचून चालवू. त्यावर ते असे बघत राहिले, की मी पुन्हा विषय काढला नाही.

पण माझ्याही सहनशक्तीला सीमा आहे. रोज संध्याकाळी तो अँप समोर बसलेला, आणि मी हेडफोनमध्ये. दुसऱ्या शनिवारी बँकेला सुटी होती आणि काका-काकू भाचीला पुण्याच्या विमानात बसवायला अमौसीच्या विमानतळावर गेले होते. मी खिडक्या लावल्या. अँपचं पहिलं बटण दाबलं, व्हॉल्व्ह नारिंगी होईपर्यंत एक मिनिट थांबले, मग दुसरं. काकांच्या अर्थिंगमुळे यंत्रात साधी घरघरही नव्हती. मास्टर व्हॉल्यूम नखभर वर केला आणि सगळ्यात जाड तार मारली.

काय सांगू. आवाज कानाला नंतर लागला, आधी तो पायातून वर आला. एका सुराच्या पोटातून दहा सूर निघाले आणि हात ठेवला की सगळे जागच्या जागी गप. फ्रिजवरचा स्टीलचा डबा सरकत कडेला आला. दोन वर्षं बँकेत गिळलेलं सगळं त्या पंधरा मिनिटांत बाहेर पडलं. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. तेवढ्यात घंटा वाजली.

फाटकात मास्टरसाहब उभे होते. किडकिडीत, पांढराशुभ्र कुर्ता, हात पाठीमागे बांधलेले. मी धावत खाली जाऊन आधी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. "नहीं बिटिया, आवाज़ की शिकायत नहीं है. आवाज़ तो ठीक थी." मग थोडं थांबून म्हणाले, "पूरी गली को मेमो गया. हमारे यहाँ नहीं आया."

ते रागावलेले नव्हते. त्यांना वाईट वाटलं होतं, लग्नाचं बोलावणं सगळ्या गल्लीला जावं आणि आपल्याच दारात येऊ नये तसं. त्याच वेळी रिक्षा आली आणि काका-काकू उतरले. काकांनी मास्टरसाहबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काम सुरू केलंस?"

"हो."

"मेमो?"

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता मला घर सोडायला सांगणार. पण त्यांचा चेहरा एकदम उतरला आणि ते फाटकाला धरून आत गेले. मास्टरसाहब आपल्या घरी वळले.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी काका जिन्यात येऊन बसले आणि मला हाक मारली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर हातानेच थांबवलं. मग त्यांनी मला त्या जुन्या दिवसाची गोष्ट पुन्हा सांगितली, पण या वेळी ती वेगळी होती.

पावसाचं अंधारून आलं होतं. रूळ बदलण्याचं यंत्र पावसाआधी उघडून बघायचं होतं. काकांनी मास्तरला फोन केला, तो म्हणाला, मेमो पाठवा. काका म्हणाले, पाठवतो, आणि पाठवला नाहीच. तीन फर्लांग चालत जायचं, परत यायचं, एवढ्यात काम होऊन जाईल असा हिशेब केला. यंत्र उघडलं आणि ते बंद होईना. सिग्नल लाल झाला, तो लालच राहिला, आणि एक पॅसेंजर चाळीस मिनिटं स्टेशनाबाहेर उभी राहिली. कुणाला खरचटलंही नाही, पण गाडीत एक मोठे साहेब होते. चौकशी लागली. काकांनी त्या रात्री बसून मेमो लिहिला, कार्बनसकट, दुपारची वेळ घालून, पण मास्तरने मागची वेळ टाकून सही करायला नकार दिला. चौकशीत ती प्रत दाखवली आणि सांगितलं की मी दिला होता, मास्तरने सही केली नाही.

"मला नुसती ताकीद मिळाली," काका म्हणाले. "त्याला उचलून दूर टाकला. दोन वर्षं. पोरगी दहावीत होती त्याची." मग म्हणाले, "आज तू मेमोशिवाय बटण दाबलंस ना, तुझ्या जागी मला मी दिसलो."

म्हणजे चिठ्ठ्या, सह्या, बटणांचे आकडे, सगळं तिथून आलं होतं. मला त्यांचा राग आला. आमच्या गल्लीत त्या सज्जन माणसाची इतकी वर्षं बदनामी चालली होती आणि मीही ती तीन वेळा ऐकून मान डोलावली होती. आणि रागाबरोबर दयाही आली, ते दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, काका, जाऊन सांगून टाका ना. ते माझ्याकडे अविश्वासाने बघत राहिले.

"तोंडी?" त्यांनी विचारलं.

नंतरचे सात-आठ दिवस ते खालच्या टेबलाशी पट्टी आणि पेन घेऊन बसलेले असत. काय करताय विचारलं तर कागद उपडा करत. काकू मला म्हणाल्या की जेवतही नाहीत धड, अच्छा.

पुढच्या रविवारी साडेदहाला इस्त्रीचा शर्ट घालून काका घराबाहेर पडले. स्वतःच्या फाटकापासून शेजारच्या फाटकापर्यंत अंतर असेल दहा पावलांचं. मी आणि काकू वरच्या गॅलरीतून बघत होतो, आणि काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता. मास्टरसाहब अंगणात वर्तमानपत्र वाचत होते. काकांनी फाटकाबाहेरूनच कागद पुढे केला. त्यांनी उठून तो घेतला, चष्मा लावला आणि सबंध वाचला, मागची बाजूही बघितली. मग घड्याळ पाहून वेळ घातली आणि सही केली.

"हमें भी आना होगा?" त्यांनी विचारलं.

"नियम से तो आना चाहिए," काका म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांचं एकमेकांशी झालेलं हे पहिलं बोलणं.

बरोबर अकराला माझ्या खोलीत चौघं होतो. मास्टरसाहबांना खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले, काकाही मग उभे. काकांनी अँपभोवती एक फेरी मारून वायर तपासली आणि मला खूण केली. पहिलं बटण, एक मिनिट, दुसरं बटण. मी जाड तार मारून हात दाबून धरला, सोडला, पुन्हा मारला. काकूंनी कानावर हात ठेवले आणि हसायला लागल्या. ते दोघं हात पाठीमागे बांधून, एखादी गाडी पास होताना बघावं तसे उभे. मी थांबल्यावर मास्टरसाहब म्हणाले की हा तर गाडी ब्रेक लावते तेव्हाचा आवाज आहे. काका म्हणाले, पॅसेंजरचा नव्हे. नाही नाही, मालगाडीचा, मास्टरसाहब म्हणाले, भरलेल्या. काकांनी मान्य केलं, भरलेल्याच. मग मी त्यांना चाळीस मिनिटं पुरवून काय काय वाजवून दाखवलं. पांडेजींच्या घराची खिडकी दोनदा उघडून बंद झाली.

अकरा चाळीसला काकांनी रिकनेक्शनचा कागद भरून दिला. मास्टरसाहबांनी सही केली. झालं, असं मला वाटलं. पण काकांनी शर्टाच्या वरच्या खिशातून आणखी एक कागद काढला, पट्टीने रकाने आखलेला, आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

मास्टरसाहबांनी तो हळू आवाजात वाचला, म्हणून मला ऐकू आला. वर त्या लहान स्टेशनाचं नाव होतं आणि त्या दिवसाची तारीख. खाली लिहिलं होतं, "उक्त दिन मेमो दिया नहीं गया. काम बिना मेमो शुरू हुआ. जो प्रति जाँच में दिखाई गई, वह उसी रात लिखी गई थी. स्टेशन मास्टर का कोई दोष नहीं था." खाली काकांची सही, हुद्द्यासकट.

खोलीत अँपची बारीक सूंसूं तेवढी राहिली होती. मास्टरसाहब कागदाकडे बघत म्हणाले, "हाईस्कूल था उस साल बिटिया का. फिर पढ़ी ही नहीं." काकू रडत होत्या.

मास्टरसाहबांनी पेन उघडलं. "वक़्त कौन-सा डालें?"

"जो आपको ठीक लगे," काका म्हणाले.

"पिछली तारीख़ हम नहीं डालते. तब भी नहीं डाली थी." त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ पाहिलं आणि आजची तारीख घातली, अकरा एक्कावन्न. त्यापुढे लिहिलं, विलंब से प्राप्त. सही केली. कार्बनची प्रत फाडून काकांना दिली, मूळ प्रत घडी करून कुर्त्याच्या खिशात ठेवली, मला "जीती रहो बिटिया" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी अँप बंद केला. ती सूंसूंही थांबली तेव्हा भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायला लागला. ते तो कागद आपल्या बायकोला वाचून दाखवत होते, स्टेशनाच्या नावापासून. वाचून झालं. मग बाई म्हणाल्या, "एक बार फिर पढ़िए." त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि काका दोन्ही वेळा भिंतीकडे तोंड करून उभ्याने ऐकत राहिले.